गंगव्वाचा आवाज

"दिवा लावा रे कुणीतरी, गंगव्वा आली!"

रेडिओतून हे वाक्य आलं की आख्खी गल्ली हसायची. रेडिओवर रंग दिसत नाही, म्हणून गंगव्वा किती काळी आहे हे दर बुधवारी असं सांगावं लागे. मग हसण्याच्या लाटेवरून तिचा चिरका, हेलकावा घेत जाणारा आवाज यायचा, "अय्यो, माझा म्हैस कुठं गेली रे?" निपाणीपलीकडच्या कानडी मुलखातली, तेलानं चपचपलेली, सगळे फसवतात तरी न कळणारी ती बाई. तिचा आवाज काढायचे गणपतराव, आणि तो त्यांनी उचलला होता आपल्या सासूकडून.

त्यांच्या बायकोला, मधुवंतीबाईंना, हे पहिल्याच बुधवारी कळलं होतं. माहेरी त्या कल्लव्वा. मधुवंती हे नाव लग्नात गणपतरावांनी हौसेनं तांदळात लिहिलं. मधुवंतीबाईंची आई, अव्वा, भाकऱ्यांचं गठुळं घेऊन एसटीतून उतरायची आणि मोडक्या मराठीत जावयाशी भरभरून बोलायची. जात्यावर हलका, रानात मोकळा, लेकीच्या दारात आला की ओला, असा तिचा आवाज. जावई मान डोलवत ऐकायचे आणि बुधवारी तेच बोलणं आख्ख्या जिल्ह्याला ऐकवायचे. यात सासूचा मानच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

मग गल्लीतली पोरं अव्वा दिसली की 'दिवा लावा' ओरडायला लागली. त्यानंतर या घरात ती बोलेनाशी झाली. पाणी हवं तर तांब्याकडं बोट. पोट भरलं तर ताटावर आडवा हात. "सासूबाई वयानं थकल्या," गणपतराव म्हणायचे. "व्हय," मधुवंतीबाई म्हणायच्या. तशीच मुकी ती एक दिवस गेली.

आज कसबा बावड्यातल्या घरात भरदुपारी खिडकीला वाकळ टांगली होती. कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जात होते, तो गोंगाट आत नको. पुतण्या विश्वजितनं पंखाही बंद केला. जुन्या टेपा कुठंच उरल्या नव्हत्या, म्हणून गंगव्वाला नव्यानं रेकॉर्ड करून मोबाइलवर सोडायचं त्याच्या डोक्यात होतं. पण ऑपरेशननंतर गणपतरावांच्या घशातून आता नुसती खरखर यायची.

"काकू, तुमीच करा की. चारच वाक्यं हायती."

"मला कुठलं जमतंय, बाबा."

"असं कसं? रक्तातच हाय तुमच्या! लोकं येडी हुतील, ओरिजिनल कानडी गंगव्वा!"

"मग ते दिव्याचं तरी काढ."

"ते काढल्यावर हसायचं कशाला? आवो, कानडी लोकबी हसत्यात त्याला."

"तुला सांगून गेली वाटतं कानडी लोकं," मधुवंतीबाई पुटपुटल्या.

गणपतराव खुर्चीत पुढं सरकले. "अगं, तुझ्या आईला मी अमर केलंय. कर की. मी हाय तवर एकदा ऐकू दे."

मधुवंतीबाईंना भांडायचं त्राण नव्हतं. नाही म्हटलं की कारण द्यावं लागणार, आणि ते कारण इतकी वर्षं आत पडून पडून दगड झालेलं. पण मनाशी त्यांनी एक ठरवलं. बोलायचंच तर अव्वासारखं बोलायचं. रेडिओवरची गंगव्वा नको, दारात गठुळं टेकवून लेकीला हाक मारणारी अव्वा. तेवढी तरी खरी अव्वा त्या मशिनीत राहील.

त्यांनी डोळे मिटले. अव्वा आली. मनगटावरचं हिरवं गोंदण, कारळ्याच्या चटणीचा वास, लुगड्याच्या सोग्यात बांधलेली चार फुलं, सगळं आलं. तिचे ओठ हलताना दिसले. मधुवंतीबाईंनी तोंड उघडलं.

"अय्यो..."

चिरका. हेलकावा घेत गेलेला. बुधवारचा.

"नाद खुळा, काकू!" विश्वजित ओरडला.

"थांब. परत घे."

परत घेतलं. अव्वाचे ओठ हलत होते, पण आवाज तोच, रेडिओचा.

गणपतरावांचे डोळे भरून आले होते. "अगदी सासूबाई," ते कसेबसे म्हणाले. "हुबेहूब."

मधुवंतीबाईंनी माइक हातानं बाजूला सारला.

"न्हाय हो. ही आई न्हाय. हे तुमी हाय."

"म्हंजे?"

"आई थकली न्हवती. पोरं ओरडाय लागली, तवापासनं तिनं ह्या घरात तोंड उघडलं न्हाय. तुमी ऐकत हुता म्हणून उघडलं न्हाय. मला ठावं हुतं, मी बोललो न्हाय. आणि आता तिला आठवाय गेलो की तुमचाच आवाज येतोय. माझ्याजवळ माझ्या आईचा आवाजच उरला न्हाय हो."