बाबगोंडाचा मोर

बांधावरची काटेरी जाळी तोडताना कुत्र्यानं लांडोर धरली. ती जागीच गेली. पिल्लं गवतात पांगली, आणि त्यातलं एक कुत्र्याच्या जबड्यात किचकिचत राहिलं. तंबाखूच्या रोपांना पाणी घालणारी ब्राह्मी घागर टाकून पळाली आणि तिनं सरळ कुत्र्याच्या तोंडात हात घालून पिल्लू ओढून काढलं. कुत्रं घरचंच, तिच्या थोरल्या भावाचं, बाबगोंडाचं. म्हणून चावलं नाही. मोठे उपकार केल्यासारखं तोंड करून बघत बसलं.

ब्राह्मी पंधराव्या वर्षी विधवा होऊन बोरगावात भावाच्या घरी परत आलेली. काम दोन माणसांचं करायची, जेवायची अर्ध्या माणसाचं, आणि बोलायची त्याहून कमी.

"आक्का, ओढ्याकडं दुसरी लांडोर पिल्लं घिऊन फिरतीया," शेजारच्या रानात मेंढरं बसवलेला मष्णू धनगर म्हणाला. "आत्ताच तितं सोड. मिसळून जाईल त्यांच्यात. हातावर वाढलं की ते माणसाचं हुतंय, मग पाखरांचं ऱ्हात न्हाय."

ब्राह्मीला पटलं. पदरात पिल्लू घेऊन ती निघाली, तर बांधावर बाबगोंडा आडवा.

"कुटं चाललीस? मोराचं हाय न्हवं?"

"मोर हाय का लांडोर, अजून त्येचं त्येलाच ठावं न्हाय," मष्णू म्हणाला.

"मोरच हाय. माझ्या रानात घावलंय!"

आता बाबगोंडाच्या रानात घावलेली कुठली वस्तू साधी नसायचीच. त्याच्या मळ्यातली काकडी दोघांनी खांद्यावर आणायची, आणि त्याची म्हैस शिंकली की निपाणीच्या बाजारात पालं हलायची. त्याच दिवशी बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, आरती झाल्यावर तो उभा राहिला. दोन वर्षांनी महाराजांचा चातुर्मास गावात ठरलेला. वाटेतली किडामुंगी हळूच बाजूला सारायला मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते, आणि ती पिसं मोरानं आपसूक टाकलेली लागतात. बाबगोंडानं जाहीर केलं, "महाराजांच्या पिंछीची पिसं माझ्या घरातनं!"

घरी आल्यावर ब्राह्मीनं हळूच विचारलं, "अण्णा, डांबून ठिवलेल्यानं टाकलेली पिसं आपसूक कशी म्हनायची?"

"आपुन उपटनार हाय व्हय? झडतील, उचलू."

"मग रानात झडू देत की. तितनं उचल."

"रानातली कुनाच्या घरची हे लोकास्नी कळतंय काय?"



पिल्लाला पंख फुटले तशी बाबगोंडानं कात्री आणली आणि उडायची पिसं सरळ रेषेत कातरली. "नखं कापतो तसंच हाय. रगत आलं काय? न्हाय न्हवं? मग हिंसा कसली?" दुसऱ्या साली नवी पिसं आली, तीही कातरली. ब्राह्मीनं दोन्ही वेळेला तुकडे गोळा केले आणि फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

जैनाच्या घरचं पाखरू, त्याला किडा कोण घालणार? भिजवलेली डाळ आणि ज्वारीच्या कण्या. पाय काडीसारखे राहिले. मग ब्राह्मी दुपारचं त्याला वारुळाकडं न्यायची आणि स्वतः पाठ फिरवून णमोकार मंत्र म्हणत बसायची. मागं चोचीचा टकटक आवाज चालू असायचा. तो थांबेपर्यंत णमोकार काही संपायचा नाही.

गावात मात्र पाखराचा मोठा बोलबाला झाला. दिवस मावळला की ते दाण्याला शिवत नाही, व्रत घेतलंय म्हणे! कुठलं पाखरू रात्री पाट मांडून जेवायला बसतं, हे कुणी विचारलं नाही. कुणी पुढं कांदा टाकला, पाखरानं मान फिरवली. निपाणीपर्यंत बातमी गेली आणि बैलगाड्या जुंपून लोक दर्शनाला आले. दुसरा पावसाळा लागला तरी मानेवर निळं येईना, पिसारा फुटेना. मष्णूनं विचारलं, "आण्णा, रंग कुटं हाय ह्येचा?"

"ब्रह्मचारी हाय त्यो. त्येला रंग कशाला?" बाबगोंडा म्हणाला, आणि चारचौघांनी माना हलवल्या.

आषाढात महाराज गावात आले. त्यांचा आहार आपल्या दारी व्हावा म्हणून बाबगोंडानं घर उभं-आडवं धुऊन काढलं. आणि त्याच सकाळी सैपाकघराच्या दाराशी, ज्वारीच्या टोपलीत मोरानं अंडं घातलं.

बाबगोंडाची बायको तारामती किंचाळलीच. "अवं, हिकडं या! तुमचा ब्रह्मचारी बाळंत झाला!"

बाबगोंडा अंड्याकडं बघत राहिला. कुणी शेजाऱ्यानं वैरानं आणून ठेवलंय काय, असाही एक विचार त्याच्या तोंडावर येऊन गेला. मग तो म्हणाला, "सोडा तिला. आजच. जीव डांबून ठिवनं पाप हाय."

"आत्ता?" ब्राह्मी पुढं झाली. "अण्णा, तिला उडता येत न्हाय. भादव्यात कातरलेली पिसं झडत्यात, नवी येत्यात. तवर थांब. तिला मी गोठ्यात ठिवते, कुनाच्या नजरंला पडायची न्हाय."

"दोन वर्सं सोड सोड म्हनत हुतीस, आनि आता धर धर म्हनतीस?"

"तवा ती जगली असती, अण्णा."

"आनि महाराज दारात आल्यावर तिनं दुसरं घातलं म्हंजे?"

दुपारी वाजत-गाजत लांडोर ओढ्याकडं नेली. अभयदान! लोकांनी बाबगोंडाला फेटा बांधला, नारळ दिला. मोर की लांडोर हा विषय कुणी काढला नाही. अभयाला नर-मादी नसते. टोपली उघडली. लांडोर बाहेर आली, मान वळवून वाजंत्र्यांकडं बघितलं, आणि ब्राह्मीच्या मागं मागं घराकडं चालू लागली.

"हाकल तिला," बाबगोंडा दात चावून म्हणाला. "लोक बघाय लागल्यात."

ब्राह्मीनं ढेकूळ उचललं आणि मुद्दाम लांब टाकलं. लांडोर त्या ढेकळाकडं गेली, त्यात टिपायला काही आहे का बघितलं, आणि परत आली. दुसरं ढेकूळ अंगावर बसलं. तेव्हा ती थांबली. मग एकेक पाय उचलत जाळीत शिरली.

दोन दिवस पाऊस धरून होता. ब्राह्मी ओढ्याकडं चार वेळा जाऊन आली. तिसऱ्या दिवशी महाराज बाबगोंडाच्याच दारी थांबले.

दोनदा गाळलेल्या पाण्यानं ब्राह्मीनं रांधलं होतं. महाराज ओंजळ करून उभे राहिले. दोन घास झाले, तिसरा बाबगोंडानं ओंजळीत ठेवला, आणि परसदारातनं कुत्रं आत आलं. तोंडातलं त्यानं मालकाच्या पायापाशी ठेवलं आणि शेपूट हलवत उभं राहिलं.

महाराजांनी ओंजळ सोडली. अंतराय झाला, आहार मोडला. आता उद्यापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यांनी खाली बघितलं. लांडोरीचा एक पंख पसरला होता आणि पिसांची टोकं विळ्यानं गवत कापावं तशी एका रेषेत होती. त्यांनी मग बाबगोंडाकडं बघितलं. पिंछी उचलली आणि पायरी उतरून गेले.

"कुत्र्याला कुनी सोडलं?" बाबगोंडा ओरडला.

"कुत्र्याला कुनी कवा डांबलंय, अण्णा?" ब्राह्मी म्हणाली.

महिनाभर बाबगोंडा बस्तीत खांबाआड बसला. पण गावाचं तोंड गप्प राहतं थोडंच? कुणीतरी म्हणालं, लांडोर महाराजांच्या दर्शनालाच परत आली असणार. दुसरा म्हणाला, असणार काय, आलीच. दिवाळीपर्यंत बाबगोंडा पुढच्या खांबापाशी येऊन बसला आणि पाव्हण्यांना स्वतःच सांगू लागला: "वढ्यापल्याडनं उडत आली बगा. महाराजांच्या म्होरं उतरली, तीनदा मान लववली, आनि जीव सोडला. कुत्रं? कुत्रं लांब उभं राहून रडत हुतं!"

असाच एकदा सदलग्याचा पाव्हणा डोळे पुसत ऐकत होता. ब्राह्मी पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला, मग कोनाड्यातली पुरचुंडी काढून पाव्हण्यापुढं सोडली. तपकिरी पिसांचे तुकडे जमिनीवर पसरले, दोन वर्षांचे.

"ही काय पिंछीची?" पाव्हण्यानं हात जोडले.

"न्हाय," ब्राह्मी म्हणाली. "ही तिची उडायची पिसं. घरातच ऱ्हायली हुती."