गँगचा भोंगा

या गावात हळू बोलणाऱ्याचं काही खरं नव्हतं. एका अंगाला रेल्वेचा कारखाना, दुसऱ्या अंगाला यार्ड आणि मधे क्वार्टर्सच्या रांगा. दिवसभर घणांचा, डब्यांचा, शिट्ट्यांचा नुसता कल्ला. मालगाडी जायला लागली की कपडे वाळत घालणाऱ्या बायका वाक्य अर्ध्यात तोडायच्या आणि शेवटचा डबा गेला की नेमकं तिथूनच पुढे सुरू करायच्या. लेकरं बोलायला शिकायची तीच ओरडून. कानात सांगितलेलं गुपितसुद्धा शेजारच्या चार घरांना ऐकू जायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

अशा गावात भोंग्याचा आवाज गेला.

भोंगा म्हणजे माणूस हं, गैरसमज नको. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीला तेवढं निघायचं, एरवी लहानथोरांना तो भोंगाच. त्याचं काम गँगला हाक देण्याचं. वळणावरचा रूळ जागचा हलला की सगळ्यांनी त्याच्याखाली पहारी घालायच्या आणि एकदम रेटायचं. एकदम म्हणजे एकदम! एक जण जरी मागेपुढे झाला तरी सगळ्यांची ताकद मातीत. म्हणून भोंगा पुढे उभा राहून एक ओळ म्हणायचा, गँग ‘हे’ करून पहारीवर अंग टाकायची. दुसऱ्या ओळीला ‘हो’ म्हणत रेटायची. ओळी त्याच्याच मनच्या, आणि भीडभाड कुणाचीच नाही. गँगची सगळ्यात लाडकी ओळ खुद्द मुकादमावर होती.

“मुकादमाच्या मिशीला...”

“हेऽऽ!”

“कात्री लावा खुशीला...”

“होऽऽ!”

मुकादम कपाळाला आठ्या घालायचा, पण रूळ सरकलेला दिसला की मुकाट्याने मिशीवरून हात फिरवायचा.

मग भोंग्याच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, माणूस वाचला. आवाज मात्र गेला तो गेलाच. उरली ती नुसती फुसफुस. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. भोंग्याने मान हलवली खरी, पण आतून तो पार खचला होता. दुकानात गेला तर दुकानदार कानाला हात लावून “काय? काय?” करायचा, आणि शेवटी साबण मागितला तर काडेपेटी द्यायचा. भांडण तर त्याला करताच येत नव्हतं. अहो, ज्याला धड भांडता येत नाही त्याने या गावात राहायचं तरी कसं?

गँगच्या वरच्या साहेबांनी त्याला स्टोअरमध्ये हलकं काम देऊ केलं. सावली, पंखा, बोल्टची पोती. साहेब माणूस चांगला होता, त्याच्या भल्याचंच बघत होता. पण भोंग्याने हातच जोडले. गँगमध्येच राहू द्या म्हणाला. साहेबांनी दोनदा वाकून ते ऐकलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “गँगमध्ये एक माणूस जास्तीचा ठेवता येत नाही मला. हाक देणारा तर लागणारच. उद्या यार्डाच्या वळणाचं काम आहे, मीही येतोय. तुझा गँगला उपयोग दिसला तर राहा. नाहीतर परवापासून स्टोअर.”

सकाळी बायकोने डबा हातात दिला. ती फाटकवाली. यार्डापलीकडच्या रस्त्याचं फाटक उघडायचं-लावायचं काम तिचं, आणि आवाज असा की ट्रकवाले हॉर्न वाजवायचे विसरत.

“अहो, तोंड असं पाडून जाऊ नका.”

“माझा काय उपयोग आता?” तो फुसफुसला.

“मला विचारता? घरात मी बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं, ही वेळ जन्मात पहिल्यांदा आली माझ्यावर. आणि देवाशप्पथ सांगते, मला अजिबात मजा येत नाहीये.” तिने पदराने डोळे पुसले. “जा. काय होईल ते घरी नाही, फाटकावर येऊन सांगा. तोवर माझा जीव टांगणीला.”

कामाला सुरुवात झाली. लाइन बंद केलेली, लांब सिग्नलशी एक मालगाडी खोळंबून उभी. मुकादमाने भोंग्याच्या हातात पाण्याची बादली दिली आणि स्वतः हाक द्यायला पुढे झाला. ओळीबिळी त्याला कुठल्या सुचायला! त्याने सरळ आकडे घेतले.

“एक, दोन, तीन!”

अर्ध्यांनी तीनला रेटलं, अर्ध्यांनी तीननंतर. गँगमधल्या पैलवानाची पहार निसटली आणि तो एवढा मोठा गडी बदकन खडीवर बसला.

“मुकादम, तीनला रेटायचं का तीन झाल्यावर?” पैलवानाने बसल्या बसल्याच विचारलं.

“तीनला रे, तीनला!”

पुढच्या खेपेला ज्यांनी आधी बरोबर रेटलं होतं ते थांबले, आणि थांबलेल्यांनी रेटलं. रूळ ढिम्म. साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

भोंग्याला राहवेना. त्याने बादली आपटली, हातोडा उचलला आणि सगळा राग काढून रुळावर हाणला. टण्ण!

झालं! क्षणात अख्खी गँग रुळावरून उडाली. कारण रूळ वाजवला की या माणसांना एकच कळतं: गाडी आली, पळा. पहारी इकडे, टोप्या तिकडे. साहेबांनी जन्मात मारली नसेल अशी उडी मारली. मुकादम तर थेट बाजूच्या गटारात, गुडघाभर चिखलात उभा. आणि गाडीचा पत्ताच नाही.

“अरे ए शहाण्या!” मुकादम गरजला. “जीव घेतोस का आमचा? उभा जन्म गँगमध्ये गेला आणि रूळ वाजवतोस?”

भोंग्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नवखा माणूसही करणार नाही अशी चूक, आणि तीही साहेबांसमोर.

“राहू दे आता,” साहेब धापा टाकत म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. “उगाच कुणाला लागेल. तू सावलीत बस.”

म्हणजे संपलं. स्टोअर. पंखा. बोल्ट.

पण भोंगा सावलीत गेला नाही. माणूस मुळातला हट्टी! तो तिथेच रुळाशी उकिडवा बसला आणि हातोड्याने हळूच ठोकायला लागला. घाव नाही, ठेका. टक टकटक टक टकटक... मग थोडं थांबायचं, आणि पुन्हा तेच. गँग आपापल्या पहारी उचलत त्याच्याकडे बघत राहिली. “डोक्यावर परिणाम झाला बहुतेक,” पैलवान हळहळला.

गटारात पँट पिळणारा मुकादम मात्र थबकला. त्याने कान टवकारले. इतकी वर्षं ज्या ठेक्यावर आपली अब्रू रोज चारचौघांत निघाली तो ठेका माणूस विसरेल होय?

“अरे,” तो म्हणाला, “ही तर माझी मिशी!”

आणि चिखलाने भरलेला तो मुकादम धडपडत वर आला, भोंग्याशेजारी उभा राहिला, आणि छाती भरून त्याने हाक दिली.

“मुकादमाच्या मिशीला...”

मग पैलवान खदखदून हसला, आणि सगळ्या पहारी एकदम रुळाखाली गेल्या.

“हेऽऽ!”

“कात्री लावा खुशीला...”

“होऽऽ!”

आणि रूळ सरकला! कुरकुरत का होईना, सरकला! मग कोण थांबतंय? भोंगा ठेका धरायचा आणि गँग ओळ ओळखून म्हणायची. रूळ अडला की तो ठेका संथ करायचा, सुटला की उडता. ठेका पहारीतून थेट हातात येत होता, त्यामुळे चुकायला कुणाला वावच नव्हता. जुन्या ओळी संपल्यावर त्याने पैलवानाला जवळ ओढून कानात काहीतरी फुसफुसलं. पैलवानाने डोळे विस्फारले. “म्हणू? खरंच म्हणू?” भोंग्याने मान हलवली.

“साहेबांच्या टोपीला...”

“हेऽऽ!”

“वारा म्हणतो, दे मला...”

“होऽऽ!”

साहेबांनी झटकन टोपी धरली, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. वळण बघता बघता जागेवर आलं.

“मुकादम,” साहेबांनी विचारलं, “हाक नक्की देतंय तरी कोण?”

“हाच देतोय, साहेब. तोंडं तेवढी आमची.”

साहेबांनी भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला. “स्टोअरला मी दुसरा माणूस बघतो. तू इथून हलू नकोस.”

भोंगा लहान पोरासारखा रडला. लाजला नाही, लपवलंही नाही. मुकादमही नाक पुसत होता, पण विचारलं असतं तर गटाराच्या वासाने म्हणाला असता.

मग खोळंबलेली मालगाडी सोडली. गँग फाटकापाशी पोचली तेव्हा ती नीट केलेल्या वळणावरून झोकात येत होती. बायको फाटकाच्या पलीकडे, गँग अलीकडे, मधे धडधडणारे डबे. दोन डब्यांमधल्या फटीतून ती हातवारे करून विचारत होती, काय झालं? भोंगा जिवाच्या आकांताने ओठ हलवत होता. इथे धडधाकट माणसाचा आवाज पोचला नसता, त्याचा काय पोचणार! तिने काहीतरी भलतंच ओळखलं असावं, कारण ती कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

भोंग्याने मागे वळून गँगकडे पाहिलं आणि हात वर केला. सगळे त्या हाताकडे बघत तयार झाले. हात खाली आला.

“राहिलाऽऽऽ!”

मालगाडीच्या वर आवाज गेला. क्वार्टर्सच्या खिडक्या उघडल्या, कारखान्याच्या दारात माणसं आली. बायको ताडकन उठली आणि शेवटचा डबा जायच्या आतच, फाटक सोडून, दोन्ही हात हवेत उडवून ओरडायला लागली.