भाजीचे सहाशे

गोदामात त्याला सगळे ‘तराजू’ म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचंसुद्धा. खिळ्यांच्या पेटीत बारा खिळे कमी निघाले की हा गृहस्थ तीन माणसांना अंधार पडेपर्यंत थांबवून ठेवायचा. करा ना बाबा, तिथे काय करायचं ते करा! पण यंदा ओव्हरटाइम बंद झाला आणि तराजू घरात आला. एका रविवारी त्याने लाल पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीने रेघा मारल्या, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तीन महिने पै न् पै लिहायची, मग घराचं बजेट ठरवायचं, असं त्याने जाहीर केलं.

“रोज संध्याकाळी चहा झाला की ज्याने त्याने आपला खर्च सांगायचा.”

“माझ्या खोकल्याच्या गोळ्यासुद्धा?” सासूबाईंनी विचारलं.

“त्यासुद्धा, आई.”

“तुला वाढवला तेव्हा मी नाही हो वही मांडली,” असं म्हणून सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या.

बायकोची मात्र पंचाईत झाली. गेली तीन वर्षं ती नवऱ्याला महिन्याच्या भाजीचे नऊशे सांगत होती आणि आणत होती सहाशेची. तेल, साबण, दूध, सगळ्यांत थोडं थोडं वर. बाजार उठता उठता ती जायची आणि अशी घासाघीस करायची की भाजीवाली हात जोडायची. उरलेला पैसा बटणांच्या डब्यात. चोरी म्हणा हवं तर, ती स्वतःही तेच म्हणायची.

तिला बसस्टॉपजवळ कपडे दुरुस्तीसाठी एक गाळा हवा होता. बाही आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, ही कामं ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून करायची. मशीन सरकवल्याशिवाय न्हाणीघराचं दार उघडत नसे. दिवसातून दहा वेळा कोणीतरी म्हणायचं, “सरक जरा,” आणि दहा वेळा ती शिवण मध्येच सोडून उठायची. त्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा.

अनामत रकमेपुरते पैसे साठले, तशी ती गाळ्याच्या मालकाकडे गेली. हा म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, “पैसे ठीक आहेत ताई, पण पगारदार माणसाची जामीनदार म्हणून सही पाहिजे. या महिनाअखेरपर्यंत थांबतो. कुलूपवाला या गाळ्यासाठी केव्हाचा मागे लागलाय.”

तिने त्याच संध्याकाळी धीर करून विषय काढला. वहीचे तीन महिने नुकतेच संपले होते. तराजूने वही उघडून तिच्यापुढे ठेवली.

“मला काय नको वाटतंय का? पण तुझं भाडं थकलं तर माझ्या पगारातून कापणार. आणि हे बघ, तुझ्याच तोंडचे आकडे. भाजी नऊशे. तेल हे एवढं. दर महिन्याला तूट! आपलंच भागत नाही, आणि मी जामीन राहू?”

गाळ्यासाठी म्हणून बिचारी तीन वर्षं जे खोटं बोलली, तेच गाळ्याच्या आड आलं होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा. तिसऱ्या दिवशी तिने डबा आणून वहीशेजारी ठेवला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

त्याने आरडाओरडा केला असता तर तिने निभावून नेलं असतं. पण त्याने पैसे दोनदा मोजले, झाकण लावलं आणि डबा तिच्याकडे सरकवला. “तुझे आहेत, ठेव. पण जिने मला तीन वर्षं खोटे भाव सांगितले, तिला जामीन मी राहायचं? उद्यापासून बाजार मी करणार. भाजी सहाशेत बसते ना? बसवून दाखवतो.”

खोटं बोलली तर तूट, खरं बोलली तर विश्वास गेला. इकडे आड, तिकडे विहीर. ती मशीनपाशी जाऊन बसली. तेवढ्यात सासूबाई न्हाणीघराकडे आल्या आणि तिला उठावं लागलं.

मग दिवसाआड गोदाम सुटलं की तराजू पिशवी घेऊन बाजारात. चहा झाला की खणखणीत आवाजात वाचन. “फ्लॉवर, पंचवीस. टोमॅटो, अठरा.”

“तू जायला लागल्यापासून काय स्वस्ताई आली रे!” सासूबाई म्हणायच्या. बायकोला ते सुईसारखं टोचायचं. आपल्याला तीन वर्षांत फ्लॉवर पंचवीसला कधी मिळाला नाही, आणि याला कसा मिळतो? पण विचारायचं कोणत्या तोंडाने? ती नुसती दिवस मोजत होती.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा ती भाजीवालीचा शिवलेला झगा द्यायला गेली.

“ताई, तुम्ही आता येऊच नका बाई!” भाजीवाली हसत म्हणाली. “तुमच्या मालकांनाच पाठवत जा. देवमाणूस! काल फ्लॉवरचे साठ म्हटले, साठ काढून दिले. आणि एवढं ओझं घेऊन चालत जातात हो, घामाघूम होतात. बसने का जात नाहीत?”

अर्ध्या रस्त्यापर्यंत ती एकटीच हसत होती. मग हसू थांबलं. त्याला रोज घरी यायला उशीर का होतो ते तिला कळलं. बसच्या पासाचे पैसे भाजीत गेले होते. तिने तिथेच उभ्या उभ्या त्याच्या महिनाभराच्या भाजीची खऱ्या भावाने बेरीज केली, हजाराच्या वर गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला. तराजूने महिन्याची बेरीज वाचली. “भाजी. एकूण पाचशे नव्वद.” पण वाचण्याआधी त्याने आवंढा गिळला. तो आवंढा तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

“काय गं,” सासूबाई म्हणाल्या, “बसतात का खरंच एवढ्यात? तुला ठाऊक बाजार.”

तराजूने तिच्याकडे पाहिलं. कालपासून तिने काय काय बोलायचं ते तयार ठेवलं होतं, चांगली मिरची लावून. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कीव आली, रागही आला.

“बसतात की,” ती म्हणाली, आणि घड्याळवाल्याचा जामिनाचा कागद वहीवर ठेवला. “आज शेवटचा दिवस आहे.”

गोदामातली साधी चिठ्ठी तीनदा वाचणारा माणूस! त्याने एक ओळ वाचली नाही. सही केली आणि कागद पुढे लोटला. सासूबाई कप घेऊन आत गेल्या, तेव्हा हळूच म्हणाला, “आईला सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

“उद्यापासून तूच आण भाजी. मी... किती लिहू?”

“लिहा सहाशे.”

गाळा आता तिला मिळणार होता. पण याने एकदा तरी म्हणावं, तू चालवशील, मला खात्री आहे, एवढं तरी तिला हवं होतं. ते आता कधीच व्हायचं नव्हतं. ती सही त्याने गप्प बसण्याच्या बदल्यात दिली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. तिला जिन्यात रडू फुटलं. पण घड्याळवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, म्हणून तिने डोळे पुसले, कागद नीट धरला आणि भरभर खाली उतरली.