छातीइतके पाणी, कमरेइतके पाणी

१४ मार्च, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. तलावात उतरण्याच्या पायऱ्या सात. त्यांतल्या पाच पाण्याखाली. हॉस्पिटलच्या तळघरातला हा कोमट पाण्याचा तलाव उघडायला वीस मिनिटे बाकी होती आणि बाहेरच्या व्हरांड्यात माझ्या नऊ फेऱ्या झाल्या होत्या.

"अहो, बसा जरा. फरशी झिजेल," बाकावरून बायको म्हणाली.

बसवत नव्हते. जानेवारीत कारखान्यात लेथचा चक, म्हणजे काम पकडून ठेवणारा चाळीस किलोचा जबडा, क्रेनची वाट न पाहता मी एकट्याने उचलला आणि मणक्यातली गादी सरकली. पोट आणि कंबर सावरणारे स्नायू तेव्हापासून जणू रजेवर गेले होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. फोरमनने स्पष्ट सांगितले होते, "एकवीस तारखेपर्यंत फिटनेसचा दाखला आणा. नाहीतर मशीन दुसऱ्याला द्यावं लागेल, तुम्ही स्टोअर सांभाळा." दाखल्यासाठी थेरपिस्ट बाईंची अट एकच होती: कमरेइतक्या पाण्यात, आधाराविना, डाव्या पायावर तीस सेकंद.

छातीइतक्या पाण्यात मी चाळीस सेकंद उभा राहत असे. वहीत तसा आलेखही काढला होता. रेषा सरळ वर चढत होती. त्या सकाळी बाईंनी मला पहिल्यांदाच उथळ बाजूला नेले. अकराव्या सेकंदाला मी आडवा झालो. नाकातोंडात पाणी गेले. दुसऱ्यांदा नऊ. तिसऱ्यांदा सात.

"काका, कालपर्यंत इतकं छान होतं. आज काय झालं?"

"तुमच्या फरशीला उतार आहे," मी म्हणालो. "आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

"घड्याळाने तुम्हाला पाडलं का?"

काठावरून बायकोने टॉवेल झटकला. "बाई, ह्यांचे गाल बघा. श्वास धरून उभे आहेत. घरी सुईत दोरा ओवतानाही असेच फुगून बसतात."

बाईंनी माझ्या बरगड्यांवर हात ठेवला आणि पुन्हा उभे राहायला सांगितले. बायकोचे म्हणणे खरे निघाले. मायक्रोमीटरने बारीक माप घेताना हात हलू नये म्हणून श्वास रोखायचा, ही सवय मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी लागली. मशीनवर ती उपयोगी पडली. पाण्यात मात्र भरलेली छाती मला वर उचलून धरत होती. पायावर भार येत नव्हता आणि पोटाचे स्नायू स्वस्थ होते. उथळ पाण्यात छाती बाहेर आली, तशी ती उचलही गेली. म्हणजे माझ्या आलेखातली रेषा स्नायूंची नव्हती, हवेची होती.

"आता मोठ्याने मोजायचं," बाई म्हणाल्या. "बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही."

पुढचे सहा दिवस मी मोजत राहिलो: तलावात, गच्चीवर, दाढी करताना. रात्री कूस बदलताना तोंडातून आकडे निघत. बायको म्हणाली, "आता उशाला गुणाकार नको हं."

एकवीस तारखेला, सात वाजून पाच मिनिटांनी, मी कमरेइतक्या पाण्यात उजवा पाय उचलला. "एक, दोन, तीन..." तलावातले इतर रुग्ण थांबून बघू लागले. बारा झाले, पंधरा झाले. कंबर थरथरत होती. पण या वेळी ती काम करताना थरथरत होती. मी घाईघाईने तीस म्हटले आणि पाय खाली आणणार, तोच बाईंनी हातातले स्टॉपवॉच माझ्याकडे वळवले. त्यावर पंचवीस होते.

"तुमचे सेकंद फार धावतात, काका. मोजत राहा."

इतकी वर्षे मी दुसऱ्यांची मापे तपासली, आणि माझेच माप पाच सेकंदांनी चुकले होते. संताप आला, पण संतापायलाही श्वास लागतो, म्हणून मी एकतीस म्हटले, बत्तीस म्हटले, बायकोकडे न पाहता पुढे म्हणत गेलो, तोल एकदा गेला, पोटाने तो परत ओढून आणला.

बाईंनी बटण दाबले आणि दाखल्याच्या अर्जावर आकडा लिहिला: तेहतीस सेकंद.