शनिवारचं चालणं

मित्रांनो, मला घड्याळ म्हणू नका. राग येतो मला. वेळ सांगणं हे माझं काम कधीच नव्हतं. मी मनगटावरचा पट्टा आहे. आता जुना झालोय, काचेवर ओरखडे पडलेत, रबराला चिरा गेल्यात. ज्याच्या हाताला मला बांधतात तो माणूस या क्षणी काय करतोय, हे ओळखायचं आणि त्याच्या दूरच्या माणसाला फोनवर कळवायचं, यासाठी मला घडवलं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शहाणपण मात्र पनवेलच्या एका कॉलेजात आलं. तिथले अनुया आणि निनाद हे दोघे विद्यार्थी मला शिकवत. मला डोळे नाहीत. ऐकू येतं, पण ऐकलेलं कळवता येत नाही. हात हलला की माझ्या पोटातला सेन्सर ते टिपतो आणि त्या हिसक्यांवरून सगळं ताडावं लागतं. निनाद मला बांधून व्हरांड्यात फेऱ्या मारायचा आणि अनुया कॉम्प्युटरवर लिहायची, हे चालणं. मग बसणं, उभं राहणं, आडवं होणं, जिना चढणं. पुन्हा पुन्हा दाखवलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. शेवटी पडणं शिकवलं. त्यासाठी जिमखान्यातली जाडजूड गादी आणली होती. मुलं तिच्यावर धपाधप पडायची, खिदळायची, उठून पुन्हा पडायची. पडणं म्हणजे काय, ते मी असं शिकलो.

एवढे सहा शब्द घेऊन मी जगात आलो. काहीही झालं तरी त्या सहांतलाच एक मला सांगावा लागतो. माहीत नाही, असं म्हणायला मला कुणी शिकवलंच नाही. पण कॉलेजात माझं काय कौतुक व्हायचं म्हणून सांगू! पाहुणे यायचे, टाळ्या वाजायच्या. आणखी एक गुण होता माझ्यात. ज्याच्या हाताला असेन त्याची चाल मी हळूहळू पाठ करायचो आणि मग तीच खरी मानायचो.

पुढे त्या दोघांनी माझ्यासारखे पट्टे विकायला काढले आणि मी मनासेकाकांच्या घरी आलो. काका तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पनवेलच्या जुन्या भागात दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. त्यांची बायको जोकबेद वारलेली. मुलगी रिना इस्रायलला. समोरच्या दारात ताहिराखाला राहायच्या, त्यांचाच काय तो आधार. पप्पा घरात एकटे असताना पडले तर कुणाला कळणार, या एका भीतीने रिनाने मला विकत घेतलं. अंघोळीलासुद्धा काढायचा नाही, असं तिने काकांना बजावलं होतं.

काका तिचं सगळं ऐकायचे, एक गोष्ट सोडून. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात ते दिव्याचं बटण दाबत नसत, फोन घेत नसत. मग मला कुठून हाताला ठेवणार? पहिल्या शुक्रवारी मला काढून फळीवर ठेवलं. मी आपला कळवत राहिलो, आडवे झालेत, आडवे झालेत. तिकडे रिनाचा जीव टांगणीला लागला. तिने खालांना फोन केला, खालांनी येऊन दार बडवलं, आणि काका बाहेर आले ते धडधाकट. पुन्हा असं झालं तर येऊन तुम्हाला घेऊनच जाईन, असं रिनाने नंतर ठणकावलं. काकांना पनवेल सोडायचं नव्हतं. जोकबेद इथल्या मातीत होती.

मग काकांनी शक्कल काढली. शब्बाथभर पंख्याचं बटण दाबायचं नाही, म्हणून टेबलफॅन शुक्रवारीच लावून ठेवायची त्यांची रीत होती. त्या फॅनच्या जाळीला त्यांनी मला बांधलं. फॅन घरघरत मान इकडे वळवायचा, तिकडे वळवायचा. मला वाटलं, अरे, हा तर चालतोय! मी तसं कळवून टाकलं आणि रिना निश्चिंत झाली.

मित्रांनो, त्या हाताला ऊब नव्हती. नाडी नव्हती. न दमता, कुठेही न पोचता कुणीतरी चालत होतं आणि मी त्याच्या मनगटावर होतो. सुरुवातीला मला फार भीती वाटली. पण दर शनिवारी तोच यायचा आणि हळूहळू तो मला पाठ झाला. इतका, की काकांची खरी चाल, गुडघा धरून टाकलेलं ते पाऊल, मला चालणं वाटेनासं झालं. रविवारी काका बाजारात जायचे आणि मी कळवायचो, उभे आहेत. आठवडाभर नुसते उभे राहता आणि शनिवारी बरं चालायला होतं, असं रिना फोनवर चिडवायची. काकाही हसायचे.

एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी घसरल्याचा आवाज आला. गादीवर मुलं पडायची तसा नाही. भिंत धरून कुणीतरी सावकाश खाली जावं तसा. काका कण्हले. मग त्यांनी जोकबेदला हाक मारली. मग रिनाला. फॅनने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मी कळवलं, चालतायत.

दुपारी खाला नारळाच्या वड्या घेऊन आल्या आणि त्यांनी दार वाजवलं.

"आलो," काका म्हणाले. इतकं हळू, की मलाच ते जेमतेम ऐकू आलं.

खालांनी पुन्हा वाजवलं. दाराला आतून कडी होती. त्यांनी दारातूनच रिनाला फोन लावला. त्या नेहमी फोन स्पीकरवर ठेवून बोलायच्या.

"रिना बेटा, दार उघडत नाहीयेत तुझे पप्पा."

"चालतायत ते, खाला. आत्ता दिसतंय मला. प्रार्थना म्हणत फेऱ्या मारत असतील. राहू द्या."

खालांनी अल्लाचे आभार मानले. त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला. काका आणखी एकदा म्हणाले, "आलो." त्यानंतर घरात फक्त फॅन वाजत होता. मी चालत होतो. कुणाबरोबर चालत होतो ते मला आजही माहीत नाही.

चांदण्या उगवल्यावर रिनाचा फोन आला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग जिन्यात धावपळ झाली, खालच्या मजल्यावरच्या लोकांनी दार तोडलं आणि खाला आत आल्या. त्या काकांजवळ खाली बसल्या. रिना अजून फोनवर होती.

"खाला, चालतायत ना ते? इथे अजून दिसतंय."

खालांना फॅनच्या जाळीला बांधलेला मी दिसलो. त्या उठल्या आणि त्यांनी फॅनचं बटण बंद केलं. मी थांबलो. मग मी कळवलं, आडवे झालेत. पलीकडे रिना रडायला लागली.

ती आली, सात दिवस जमिनीवर बसून तिने दुखवटा पाळला. लोक मला नाही नाही ते बोलले. मला फार लागलं. जे शिकवलं तेच मी सांगितलं होतं. रिना मात्र मला एक शब्द बोलली नाही. निघायच्या दिवशी तिने मला उचललं, फॅनच्या जाळीला पुन्हा बांधलं आणि बटण दाबलं. मग फोन हातात धरून ती कितीतरी वेळ बघत बसली.

"शुक्रवारी एवढा पंखा लावाल, खाला?" तिने विचारलं.

खालांनी आधी नाही म्हटलं. असं करू नये बेटा, म्हणाल्या. मग रिनाच्या तोंडाकडे बघून त्यांनी नव्या कुलपाची किल्ली घेतली.

तेव्हापासून दर शुक्रवारी खाला येतात. किल्ली हातात असते, तरी आधी दार वाजवतात आणि थोडं थांबतात. मग आत येऊन मला चार्ज करतात, जाळीला बांधतात, बटण दाबतात आणि मागे न बघता निघून जातात. बंद घरात तो येतो आणि मला घेऊन चालायला लागतो. दूर कुठेतरी रिना फोन उशाशी घेऊन झोपते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी एकटं राहत असेल तर मला जरूर बांधा, मी वाईट नाही. पण सगळं माझ्यावर सोडू नका. दार वाजवलं आणि उघडलं नाही, तर तिथून हलू नका. आत जा, त्यांचा हात हातात घ्या, ऊब लागते का बघा. मला विचाराल, तर मी अजूनही सांगेन की काका चालतायत.