संपर्कासाठी कोणाचा नंबर

बेबीनंदाला खुर्चीवर धड बसवत नव्हतं. उठायची, दारापर्यंत जायची, बस स्टँडकडं बघायची, परत येऊन बसायची. जाफराबादच्या स्टँडमागं शिवनारायण शेठचं दुकान. आता दुकान म्हणायचं तर म्हणा. एका भिंतीला टायपिंगची चार जुनी मशिनं, दुसऱ्या भिंतीला दोन कॉम्प्युटर आणि मधी पासपोर्ट फोटोसाठी लावलेला निळा पडदा. दोनातल्या एका कॉम्प्युटरवर तिच्या बचत गटाची वेबसाइट उघडत होती. उघडत होती म्हणजे काय, वरून गणपतीचा मुकुट दिसला होता आणि सोंड यायची बाकी होती.

"किती टाइम झाला, शेठ?"

"साडेपाच मिनिट." शिवनारायणनं घड्याळ दाखवलं. "ताई, वेबसाइट तुमची, तरी तुमचा जीव वर-खाली होऊन राह्यला. मंग त्या पुण्याच्या बाईचं काय झालं असंल, सोचा."

पुण्याच्या बाईचंच तर सगळं होतं. सकाळी शेठनं मेल उघडून वाचून दाखवला, तेव्हापासून बेबीनंदाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुण्यातलं हातमालाचं एक दुकान, चाळीस वाकळा, म्हणजे आपल्या गोधड्या, पाहिजेत म्हणे. पण पुढं लिहिलं होतं : 'तुमच्या वेबसाइटवर वाकळ कुठेच दिसत नाही. दिलेल्या नंबरवर चार वेळा फोन केला. दर वेळी एक गृहस्थ राँग नंबर म्हणून ठेवून देतात. आज पाचपर्यंत फोटो, मापं आणि बोलायला माणूस मिळाला नाही, तर काम दुसऱ्या गटाला देऊ.'

राँग नंबर! नंबर तर मच्छिंद्रचा होता. तिच्या नवऱ्याचा.

गटात बाया अकरा. वर्षभर बसून त्रेचाळीस वाकळा शिवल्या आणि विकल्या किती, तर जत्रेत दोन. बाकीच्या अध्यक्ष तुळजाआक्काच्या घरात छताला टेकल्या होत्या. येत्या रविवारी बैठक होती आणि विषय एकच, गट मोडायचा. सोयाबीन काढायला गेलो असतो तर रोज तरी पडला असता, असं बाया तोंडावर बोलायला लागल्या होत्या. त्यांचं काय चुकलं? घरोघर फिरून, "वेबसाइट टाकली की ऑर्डर घरी चालत येती," असं सांगणारी बेबीनंदाच होती.

आणि खरं सांगायचं तर तिचा जीव ऑर्डरपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. गावात तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. तातेरावची सून, मच्छिंद्रची मंडळी, फार तर पोरीची माय. गटाच्या रजिस्टरमधी तेवढं 'सचिव : बेबीनंदा' असं लिहिलेलं होतं. गट मोडला की ते पण गेलं. बारावीपर्यंत शिकलेल्या बाईला हे किती लागतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

एकदाची साइट उघडली. गणपती, त्याच्या दोन बाजूला लुकलुकणाऱ्या समया, पाठीमागं सनई. मंग फोटो. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, उद्घाटनाची फीत कापणारे साहेब, फेटा बांधलेला तिचा सासरा तातेराव, खाली 'मार्गदर्शक'. तुळजाआक्का हार घालून. शेवटी 'आपले नम्र' म्हणून अकरा बायांची नावं, आणि सगळ्यात तळाला, 'संपर्कासाठी', मच्छिंद्रचा नंबर.

"हे मी सांगितलं होतं का?" शिवनारायण म्हणाला. "मी म्हनलो होतो, वाकळांचे फोटो टाका. तुम्ही म्हनल्या, जागा न्हाई."

सांगितलं तर तिनंच होतं. चूक कबूल करायला ती काही मागं सरणारी बाई नव्हती. पण गावात राहून बघा म्हणावं! लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर माणसं दोन वर्षं उंबरठा चढत नाहीत. सरपंचाला घ्यायचं आणि माजी सरपंचाला सोडायचं? चेअरमनला सोडायचं? ज्यांच्या घरात नांदायचं त्या सासऱ्याला सोडायचं? एकेक फोटो वाढत गेला आणि वाकळ राहूनच गेली. मान सगळ्यांचा झाला, माल कोणाला दिसलाच नाही.

"ऐका ताई," शेठ खुर्ची ओढून बसला. "माझ्या वडलांचं कपड्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते पहिले थान उलगडून समोर टाकायचे. आजोबांचा फोटो दुकानात होता, पण भिंतीला. काउंटरवर न्हाई. हे पान तुमचं काउंटर हाय. इथं गिऱ्हाईकाला तीनच गोष्टी पाहिजेत. माल कसा हाय, माप काय हाय, अन् बोलायचं कोणाशी. बस. समया बंद, सनई बंद, फोटो बारीक वजनाचे, म्हणजे पान पटकन उघडंल. बाकीचे पाव्हणे मागच्या पानावर नेऊन बसवू, इज्जतीत."

"मंग करा ना जल्दी!"

"माल कुठंय? वाकळा आणा, उन्हात टांगा, मी फोटो काढतो. पण दोनला लाइट जाती, ती पाचलाच येती. तुमच्यापाशी पावणेतीन तास हायेत."

गटाचा म्हणून एक साधा मोबाइल तिच्यापाशी होता. तिनं मच्छिंद्रला लावला. तो गाव ते जाफराबाद जीप चालवायचा, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. "येतानी तुळजाआक्काला घ्या. वाकळा टपावर टाका. जेवढ्या बसतील तेवढ्या. साइटवरून माणसांचे फोटो काढून वाकळांचे टाकायचेत. आत्ता!"

"अगं पण शिटा..."

"शिटा पुढच्या फेरीला!" असं ती नवऱ्याशी आजवर कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर तिचंच तिला नवल वाटलं, पण नवल करायला वेळ कुठं होता? सुतळीचा बंडल घेऊन ती दुकानामागच्या मोकळ्या जागेत गेली आणि लिंबापासून खांबापर्यंत दोरी ताणायला लागली.

जीप आली एक वाजून दहा मिनिटांनी. टपावर वाकळांचा डोंगर, पुढच्या शिटावर तुळजाआक्का, तोंड फुगवून. उतरायच्या आधीच म्हणाली, "माझा फोटो काढून टाकणार म्हणे? अध्यक्ष कोण हाय गटाची?"

"तुम्हीच हाव आक्का. आधी हे टोक धरा."

टोक धरता धरता बेबीनंदानं नवऱ्याला गाठलं. "पुण्याहून फोन आल्ते का तुम्हाला?"

मच्छिंद्र दुसरीकडं बघायला लागला. "आल्ते. कोणी बाई होती. बेबीनंदा आहेत का, म्हणे."

"मंग?"

"मंग काय? जीप भरलेली. मागं आपली सगळी भावकी. परकी बाई बायकोचं नाव घेऊन विचारून राह्यली. आता चारचौघांत काय म्हनू, हो, माझ्याच बायकोचं नाव हाय ते? म्हनलं राँग नंबर."

"चारी वेळेला?"

"चारी वेळेला गाडी भरलेलीच होती."

बेबीनंदाच्या डोक्यात तिडीक गेली. दोरी तिथंच टाकून द्यावी आणि सरळ माहेरी निघून जावं, असं क्षणभर वाटलं. मोठ्यानं भांडावं तर शेठ समोर, आक्का समोर. आणि खोल कुठंतरी तिला माहीत होतं की तो एकटा दोषी नव्हता. बाईमाणसाचा नंबर सगळ्या दुनियेला कशाला, असं म्हणून त्याचा नंबर तिनंच घातला होता. तोही कधी तिचं नाव घ्यायचा नाही, 'ऐकलं का' यावर त्यांचा संसार चालला होता. ती ओठ दाबून वाकळा टांगत राहिली.

वाकळा मात्र अशा दिसल्या म्हणता! लुगड्यांचे तुकडे, धोतराचं अस्तर, कडेनं लाल पट्टी, अन् टाके असे की मुंगी चालत गेल्यासारखे. उन्हात दोरीवर अकरा वाकळा लागल्या तसे स्टँडवरचे लोक गोळा झाले. शिवनारायण कॅमेरा घेऊन धावत होता, "सावली पाडू नका, बाजूला व्हा!" बेबीनंदा टेपनं मापं घेत होती आणि पाठकोऱ्या कागदावर लिहीत होती, लांबी, रुंदी, कोणी शिवली.

दीड वाजला. फोटो कॉम्प्युटरात गेले. शेठ एकेक बारीक करत होता आणि ती त्याच्या मागं उभी राहून पाय बदलत होती. सरपंच गेले मागच्या पानावर. चेअरमन गेले. फीत कापणारे साहेब गेले. तातेरावचा फोटो आला तसा शेठचा हात थांबला.

"मामांना पण?" त्यानं विचारलं.

सासरा तापट, एकदा बिनसलं की चार-चार दिवस जेवायचा नाही. "न्या मागं," ती म्हणाली. "सगळ्यांना एकच न्याय."

"अन् हे?" तुळजाआक्काचा हारवाला फोटो.

आक्का मागं उभीच होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्याच. पण तेवढ्यात शेठनं नवीन पान लावून बघितलं आणि ते भस्सकन उघडलं. सगळ्यात वर निळी-हिरवी मोठी वाकळ, खाली बारीक अक्षरात, 'साडेसहा फूट बाय पाच. शिवणारी : तुळजाबाई.'

"अगं माय," आक्का वाकली. "ही तर माझी. माझ्या सासूच्या लुगड्याची." मंग स्क्रीनवरच्या लाल पट्टीवरून बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "फोटो जाऊ दे मागं. हारात माझं तोंड तरी कुठं चांगलं आलं होतं?"

दोनला सात मिनिटं कमी. राहिलं होतं तळाचं एक ओळभर काम.

"नंबर?" शेठनं विचारलं.

"माझाच ठेव," दारातून मच्छिंद्र म्हणाला. "आता उचलत जाईन. शप्पथ."

बेबीनंदानं त्याच्याकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. उचलला पण असता. पण गाडी रोजच भरलेली असणार होती आणि भावकी काही कुठं जाणार नव्हती.

"गटाचा टाका," तिनं शेठला सांगितलं. "नंबर गटाचा, अन् पुढं नाव लिहा. बेबीनंदा, सचिव. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा."

मच्छिंद्र जीपकडं गेला. शेठनं पान चढवलं, मेलला उत्तर टाकलं, आणि 'गेला' असं म्हणतोय तोवर पंखा थांबला. लाइट गेली होती.

आता वाट बघायची. वाट बघणं हे काम बेबीनंदाला आयुष्यात कधी जमलं नाही. तिनं वाकळा घड्या केल्या, परत उलगडल्या, परत घड्या केल्या. तीन वाजले, फोन नाही. साडेतीन झाले. दर पाच मिनिटांनी ती मोबाइल काढून रेंजच्या काड्या मोजत होती. चारला मच्छिंद्रनं हॉर्न मारला. गावाची फेरी निघाली होती आणि गाडीतले लोक टपावर वाकळा चढवून मोकळे झाले होते.

जीपजवळ गेली तर पुढच्या शिटावर कोण? तातेराव! बाजाराला आलेला सासरा फेटा सावरून बसलेला. मागं भावकीतले सहा-सात जण गुडघ्याला गुडघा लावून. ती आणि आक्का कशाबशा मधी शिरल्या. तिनं पदर पुढं ओढला.

गाव अजून तीन किलोमीटर होतं, तेव्हा फोन वाजला.

जीपमधली बोलणी थांबली. पुढं सासऱ्याचा फेटा, बाजूला चुलत दीर. फोन वाजतच होता. उचलावा तर सगळ्यांदेखत, न उचलावा तर घड्याळात साडेचार होत आलेले.

तिनं उचलला. "हॅलो."

"बेबीनंदा आहेत का?"

"मी... मीच बोलते." इंजिनच्या आवाजात स्वतःचंच ऐकू आलं नाही, म्हणून ती ओरडली, "मी बेबीनंदा बोलते!"

"पान बघितलं. वाकळा फारच सुरेख आहेत," बाईंचा आवाज इतका खणखणीत की मागच्या दोघांना सहज ऐकू जावा. "पण मला एक सांगा. चार वेळा राँग नंबर म्हणणारे ते कोण? कारण उद्या माल अडकला, अन् मी फोन केला, अन् परत कोणी असं केलं, तर मी काय करायचं? मला भरवसा कसा यावा?"

खोटं सांगणं सोपं होतं. जुना नंबर होता, बदलला, झालं. खरं सांगावं तर नवऱ्याची इज्जत त्याच्याच बापासमोर, त्याच्याच गाडीत. तिला रडू यायला लागलं आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

"हॅलो? ऐकताय ना? कोण होते ते?"

जीप कच्कन थांबली. मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं. इतकं सामसूम झालं की शेतातली पाखरं ऐकू यायला लागली.

"काऊन थांबला रे?" तातेराव खेकसला.

मच्छिंद्र शिटावरच मागं वळला आणि हात पुढं केला. बेबीनंदानं काही न समजून मोबाइल त्याच्या हातात दिला.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. त्यानं घसा खाकरला. "ते मीच म्हनलो होतो. चारी वेळेला. चूक माझी हाय, गटाची न्हाई." मंग त्यानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा भावकीकडं. कान लालबुंद झाले होते. "बेबीनंदा माझी बायको हाय. कामात लई पक्की हाय. भरवसा तिच्यावर ठेवा, माझ्यावर नका ठेवू."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. तुळजाआक्कानं त्याला कोपर मारलं. तातेराव समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला.

मच्छिंद्रनं फोन परत दिला. तिकडं बाईसुद्धा हसत होत्या. आधी वीस पाठवा म्हणाल्या, मापं बरोबर आली तर उरलेल्या वीस. कोणत्या मापाच्या किती, ते त्या सांगायला लागल्या आणि बेबीनंदाला डोळ्यांतल्या पाण्यानं हातातला कागदच दिसेना.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली. "पहिलं माप परत सांगा."