धुळाजी कुठं लपला

सतरा सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की वडवणीजवळच्या त्या शाळेत भिवराबाईंना खुर्ची मिळायची. निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीची चौकी, जाळणाऱ्या धुळाजीची ही लेक. नाका जाळल्यावर बाप चार दिवस कडब्याच्या गंजीत कसा लपला, ते त्या दरवर्षी पोरांना सांगायच्या.

यंदा त्यांना हाताला धरून मांडवात आणलं ते शाळेच्या नव्या बाईंनी.

"कोणाची गं तू?"

"मी हुस्ना. चाँद पिंजाऱ्याची नात, आजी."

भिवराबाईंचा पाय तिथंच थबकला.

गंज कुठली आली होती? धुळाजी लपला होता चाँदच्या घरात, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाखाली. रझाकार दारात आले, तरी चाँद ढिगाला टेकून कापूस पिंजत राहिला. पुढं निजामाचं राज्य गेलं आणि आठवड्याच्या आत काही माणसं चाँदलाच रझाकारांचा म्हणून ओढत घेऊन निघाली. धुळाजीच्या दारासमोर त्यानं हाक मारली, "दादा, सांगा की यांना." सात वर्षांची भिवरा बापाचं धोतर धरून उभी होती. बाप म्हणाला, "मी न्हाई वळखत ह्याला."

चाँद परतला तो हात मोडूनच. पिंजण सुटलं, केळ्यांची गाडी आली. इकडं धुळाजीच्या घरात कापसाचं नाव निघेनासं झालं. कापूस सांगितला तर चाँद सांगावा लागला असता, आणि चाँद सांगितला तर ती हाक.

"तुला समदं ठाव हाय?" भिवराबाईंनी हळूच विचारलं.

"अब्बा सांगायचे. तुमी कडब्याचंच सांगा आजी. पोरांना तेच पाठ हाय."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माईक हातात आला. "तर शिपाई मागावर होते. माझा बाप कुठं लपला?"

"कडब्यात," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

"न्हाई. मी इतकी वर्षं लबाड बोलले. चाँद पिंजाऱ्याच्या कापसात."

हेडमास्तर खूश झाले. "एकोपा बघा, मुलांनो," म्हणत त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

"थांबा, सर. आजून ऱ्हायलंय."

मग त्यांनी दारातलं सांगितलं. बापाचे शब्द सांगताना पदर तोंडावर आला, माईकवर नीट उमटलं नाही. पदर बाजूला करून त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

टाळी कुणीच वाजवली नाही. भिवराबाईंनी हुस्नाला शोधलं. ती मागच्या रांगेत एका पोरीची सुटलेली रिबीन बांधत होती. रिबीन बांधून झाली, तरी तिनं मान वर केली नाही.